पायातला आवाज: लायटीवरच्या ऑर्गनसाठी सॉफ्टवेअर निवडतानाच्या नोंदी

२१ जुलै २०२४, रविवार. वेंगुर्ले

गुरुपौर्णिमा. सकाळी पावसातच मामांकडे गेलो. पाया पडलो, चहा झाला, आणि मामांनी सरळ विषयाला हात घातला. कोजागरीला देवळासमोरच्या मांडवात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, सई गाणार आहे, साउंड माझाच आहे. "माका एकदा लायटीवरचो ऑर्गन वाजवूचो आसा," म्हणाले. "पेटी नको. ऑर्गन."

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. लहानपणी आजोबांच्या पायपेटीवर शिकले. आजोबा नाटकात साथ करायचे. सत्तरच्या दशकात मामा मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये होते आणि तिथे हॉटेलच्या मालकीचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन होता. सात-आठ वर्षं तो रोज रात्री वाजवला. मग हॉटेलने बँड बंद केला, ऑर्गन विकला, मामा गावाला परतले. त्यानंतर त्या वाद्याला त्यांचा हात लागलेला नाही. घरातल्या पायपेटीला वाळवी लागली, भाता फाटला. ती मागच्या पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवली आहे.

मी "बघतो" म्हणालो. खरा हॅमंड मिळणं शक्य नाही. बाक आणि पायांच्या पट्ट्यांसकट बी-३ मॉडेलचं वजन १९० किलोच्या आसपास भरतं, शिवाय आपल्या खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या शेकडो धातूच्या संपर्कतारा किती दिवस टिकतील? म्हणजे लॅपटॉपवर त्याचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर. एकूण खर्च पंधरा हजारांच्या आत ठेवायचा आहे. लॅपटॉप घरचाच जुना, ८ जीबीचा.

या वहीत काय केलं, काय फसलं आणि का निवडलं, ते लिहीत जाईन.

२३ जुलै

कुठलंही सॉफ्टवेअर ऐकण्याआधी मूळ वाद्य समजून घ्यायचं ठरवलं. दोन रात्री त्यातच गेल्या, आणि त्या गेल्या याचा मला आनंद आहे.

लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकेतला घड्याळं करणारा माणूस. विजेच्या वारंवारतेशी बांधलेली सिंक्रोनस मोटर त्याच्या घड्याळात होती, तीच त्याने वाद्यात घातली. १९३४ मध्ये पेटंट मिळालं, १९३५ मध्ये पहिलं मॉडेल बाजारात आलं. बी-३ हे १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७४ पर्यंत बनत होतं. आत ९१ स्वरचक्रं फिरतात. प्रत्येक चक्राच्या कडेला दाते आणि समोर चुंबकावर गुंडाळलेली तार. दाता पुढून गेला की तारेत बारीक वीज उमटते. चक्र सेकंदाला जितके दाते पुढे सरकवेल तितकी त्या स्वराची कंपनं. अमेरिकेत ६० हर्ट्झवर मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २०. धैवताच्या पट्टीला (पांढरी सहा) ८८ आणि ६४ दात्यांची गिअरजोडी आहे: २० गुणिले ८८ भागिले ६४, म्हणजे २७.५. चक्राला १६ दाते असले की बरोबर ४४०. हे गणित कागदावर सोडवून पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इतका नेमका स्वर निव्वळ दात्यांच्या हिशेबातून येतो!

आणि ड्रॉबार. प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क असतात आणि नऊ दांड्या ओढून कुठला भाग किती मिसळायचा ते ठरतं, शून्य ते आठ. पाश्चात्त्य पद्धतीत त्यांना फुटांची नावं आहेत: १६, ५⅓, ८, ४, २⅔, २, १⅗, १⅓, १. मामांना ही नावं कधीच पाठ नव्हती. त्यांनी पेटीच्या भाषेत हिशेब लावला होता. १६ म्हणजे खर्ज, ८ म्हणजे नर, ४ म्हणजे मादी. उरलेल्या दांड्या मी स्वरांत मांडल्या. ८ फुटांचा स्वर सा धरला तर ५⅓ म्हणजे त्याच्याच सप्तकातला पंचम, २⅔ म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, २ म्हणजे दोन सप्तकं वरचा सा, १⅗ म्हणजे त्याच्याही वरचा गंधार, १⅓ म्हणजे त्याच सप्तकातला पंचम, आणि १ म्हणजे तीन सप्तकं वरचा सा. सगळे सा, पंचम, आणि एक गंधार. तंबोऱ्याची तार छेडून कान लावला तर हेच स्वर ऐकू येतात. तंबोऱ्यात ते आपसूक उमटतात, इथे दांडी ओढून मागवावे लागतात, एवढाच फरक.

२८ जुलै

लग्नाच्या कार्यक्रमांना वापरतो त्या कीबोर्डमधले "ऑर्गन" नावाचे आवाज मामांना ऐकवले. दोन मिनिटं वाजवलं आणि हात काढून घेतला.

काय नाही ते नीट पाहिलं. त्या आवाजात पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, हळू दाबली की लहान. मामांची बोटं पेटीची आहेत आणि हॅमंडचीही. दोन्हीकडे पट्टी कशीही दाबा, आवाज तेवढाच राहतो. त्यामुळे त्यांची बोटं लहान-मोठं करतच नाहीत, आणि आवाज मनमानी वर-खाली होत होता. ते मी बंद केलं. तरी मामा खूश नव्हते. वाकून टेबलाखाली पाहिलं आणि विचारलं, "ह्येचे पाय खंय?"

मी सस्टेनचं, म्हणजे स्वर लांबवण्याचं पेडल पुढे सरकवलं. त्यांनी मान हलवली.

४ ऑगस्ट

यादी केली. हॅमंडची नक्कल करणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत: इटलीतल्या जीएसआयचं व्हीबी-३, आयके मल्टिमीडियाचं बी-३एक्स, आर्टुरियाचं बी-३ व्ही, जीजी ऑडिओचं ब्लू-३. आणि मोफत, खुल्या परवान्याचं सेट-बी-फ्री.

आधी वाटलं होतं की खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रित नमुने भरलेलं सॉफ्टवेअर जास्त खरं वाटेल. असं एक मागवून पाहिलं, नाव लिहीत नाही. एकेक स्वर सुटा वाजवला की सुंदर. पण सा आणि त्याचा वरचा सा एकत्र धरले की आवाज फुगायचा. कारण शोधलं. खऱ्या वाद्यात चक्रं ९१च आहेत. खालच्या सा-च्या ४ फुटांच्या दांडीला जे चक्र लागतं, तेच वरच्या सा-च्या ८ फुटांच्या दांडीला लागतं. दोन पट्ट्या एकाच चक्रातून आवाज घेतात. नमुन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्वर दोनदा, वेगवेगळ्या क्षणी मुद्रित झालेला वाजतो. दोन पेट्या शेजारी ठेवून वाजवल्यासारखं होतं. जोडस्वर जास्त धरणाऱ्या वादकाला हे लगेच खटकतं, आणि मामा डाव्या हाताने कायम सा-पंचम धरूनच असतात.

म्हणजे चक्रांचं गणित आतून चालवणारं, प्रतिकृतीवालं सॉफ्टवेअर हवं. नमुनेवाली सगळी यादीतून कमी केली.

११ ऑगस्ट

सशुल्क सॉफ्टवेअरपैकी एकाची चाचणी-प्रत घेतली. आवाज उत्तम. पण चालू करायला नेटवरून परवाना तपासावा लागतो. आमच्या वाडीत पावसात नेट दोन दोन दिवस नसतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्याने परवाना मागितला तर? मामांना मांडवात बसवून मी मोबाईल वर धरून फिरणार का? हा प्रश्न मनातून जाईना.

रात्री लॅपटॉपवर लिनक्स टाकून सेट-बी-फ्री उतरवलं. फ्रेडरिक किलँडर यांनी बिॲट्रिक्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याच्यावर रॉबिन गॅरियस आणि विल पँथर यांनी हे उभं केलं आहे. स्वरचक्रं, व्हायब्रेटो (स्वराची थरथर), वाल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा खरखरीतपणा आणि फिरता स्पीकर, हे सगळं त्यात आहे. सगळ्या मांडण्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बसतात. मला ही गोष्ट फार आवडली. ती फाइल वाचता येते, बदलता येते, पेनड्राइव्हवर ठेवता येते. त्याला नेट लागत नाही.

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब मोजला. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने; हे नमुने म्हणजे आवाजाची मोजमापं) १२८ नमुन्यांचा एक तुकडा म्हणजे २.७ मिलिसेकंद, असे दोन म्हणजे सव्वापाच. वर साउंडकार्डचं थोडं. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हा विलंब स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्याइतका झाला. मामांच्या हॉटेलात स्पीकर त्याहून लांब होता. ६४ नमुन्यांवर लॅपटॉपला धाप लागली, आवाजात तडतड आली. १२८वर कायम केलं.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बंदरावर गेलो. आज काम नाही.

२५ ऑगस्ट

महत्त्वाचा दिवस. मामा सकाळी साडेनऊला आले ते दुपारी जेवूनच गेले.

मित्राकडून नऊ सरकपट्ट्यांचा, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणला आहे. पहिलीच अडचण: मामा सरकपट्टी आपल्याकडे ओढतात आणि आवाज कमी होतो. खरा ड्रॉबार ओढला की वाढतो, ढकलला की कमी होतो, आणि हल्लीच्या कीबोर्डच्या पट्ट्या नेमक्या उलट. फाइलमध्ये नऊ ओळींत दिशा उलटी करायची सोय होती, पाच मिनिटांत झालं. मामांनी न बघता तीन दांड्या ओढल्या: खर्ज पूर्ण, त्याच्या शेजारचा पंचम पूर्ण, नर पूर्ण. ८८८, बाकी शून्य. आणि थांबले. डोळे मिटून एकच सा धरून बसले.

मग पर्कशन. हॅमंडमध्ये स्वराच्या सुरुवातीला "टक्" असा ठोका जोडता येतो. हा ठोका प्रत्येक स्वराला येत नाही. सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असतील तरच पुढच्या पट्टीला येतो. बोटं जोडून तान घेतली तर फक्त पहिल्या स्वराला ठोका, बाकीची तान गुळगुळीत. आणि पर्कशन लावलं की शेवटचा, एक फुटाचा ड्रॉबार गप्प होतो, कारण ठोक्यासाठी त्याचेच संपर्क वापरलेले आहेत. मी दोन्ही तपासले. सेट-बी-फ्रीत बरोबर. मामांनी आधी जोडून तान घेतली, मग तीच तोडून तोडून. "आता कसां!" म्हणाले.

मग त्यांनी सातवी दांडी ओढली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो गंधार चढो आसा."

मी आधी म्हटलं, कानाचा भास असेल. पण मामांच्या कानावर संशय घेणं चूक आहे हे मला अनुभवाने माहीत आहे. हिशेब केला. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार सा-च्या पाचपट कंपनांचा असतो. हॅमंडमध्ये तो स्वतंत्र बनत नाही, समान अंतराच्या सप्तकातल्या गंधाराच्या चक्रावरूनच उचललेला असतो. तो साधारण १४ सेंटांनी चढा आहे (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). म्हणजे सॉफ्टवेअरने खऱ्या वाद्याचा दोषसुद्धा नीट उचलला होता, आणि मामांनी अर्ध्या शतकानंतर तो ओळखला. विचारल्यावर म्हणाले, हॉटेलातही ते ती दांडी कधी ओढत नसत. मी सईला हे सांगितलं तेव्हा ती किती वेळ मामांकडे बघत राहिली.

एवढं सगळं जमलं, तरी मामा जेवताना गप्प होते. शेवटी म्हणाले, "आवाज पायात असता रे, हातात नाय."

तेव्हा मला ते उमगलं. त्या दिवशी ते टेबलाखाली काय शोधत होते ते आता कळलं. पायपेटीत भाता पायांनी मारतात. स्वर फुलवायचा, दाबायचा, शब्दाखाली हलकेच सरकवायचा, सगळं पावलांनी. बालगंधर्वांच्या नाटकांपासून मराठी रंगभूमीवर जो ऑर्गन वाजत आला, तो असाच पायांनी हवा भरायचा, स्वरपट्ट्यांचा (रीडचा). आणि हॅमंडमध्ये भाता नाही तरी उजव्या पावलाखाली आवाजाचं पेडल आहे. बोटांना लहान-मोठं करता येत नाही, म्हणून सगळा भाव पायावर. मामांनी मुंबईत ते वाद्य इतक्या लवकर कसं आत्मसात केलं असेल, याचं उत्तर हे असावं. त्यांचा पाय आधीच शिकलेला होता.

मी महिनाभर ड्रॉबार आणि चक्रं तपासत बसलो होतो. निवड पेडलवर अडकली आहे.

१ सप्टेंबर

विकतचं एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज लहान-मोठा करायचं पेडल आणलं होतं. दोन अडचणी. एक, ते कीबोर्डला जोडलं की टोकाला जाऊन उडी मारायचं. प्लगच्या टोकाला आणि कड्याला कुठली तार हे कंपनीगणिक वेगळं असतं, आणि ह्या दोघांचं जुळत नव्हतं. तारा उलट्या डाखून ते सुटलं. दुसरी अडचण सुटणारी नव्हती. त्याचं पाऊल ठेवायचं पातं अरुंद होतं आणि चाल फार तोकडी. मामांचा पाय पेटीवर टाचेपासून चवड्यापर्यंत पूर्ण चालतो. ह्या पेडलवर नखभर हललं की आवाज अर्धा.

स्वतः करायचं ठरवलं. वाडीतल्या सुताराकडे फणसाची जुनी फळी होती, ती ३० सेंटीमीटर लांब, १२ रुंद कापून घेतली. टाचेकडे बिजागरी. खाली १० किलोओहमचा साधा पोटेन्शिओमीटर, रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसा. पण पोटेन्शिओमीटर २७० अंश फिरतो आणि पेडल जेमतेम २५. जोडायचं कसं? जुन्या रेडिओत स्टेशनचा काटा दोरीने फिरायचा, तोच उपाय वापरला. बिजागरीपासून २० सेंटीमीटरवर पेडल साधारण ८.७ सेंटीमीटरची चाल देतं. तेवढ्या चालीत पाऊण फेरा हवा, म्हणजे ३.७ सेंटीमीटर व्यासाची पुली. ती लाकडाचीच कातून घेतली. दोरीला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वापरली, कारण ती ओलीने आकसत नाही. पण तंगूस गुळगुळीत असल्याने पुलीवरून घसरू लागली. मग पुलीला आरपार भोक पाडून तिच्यातून ओवली आणि दोन वेढे दिले. दुसऱ्या टोकाला स्प्रिंग. आता घसरत नाही.

पोटेन्शिओमीटर लिओनार्डो जातीच्या आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) जोडला. तो यूएसबीवरून थेट मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातले संदेश पाठवतो, त्यामुळे कीबोर्डच्या प्लगची कटकटच संपली. कंट्रोल क्रमांक ११, एक्स्प्रेशनचा.

७ सप्टेंबर ते १२ सप्टेंबर

गणपती. घरी माणसं, रात्री भजनं. पेडल देवघराच्या खोलीत कपाटाखाली. आरतीनंतर मामा एकदा तिथे जाऊन नुसताच पाय ठेवून उभे राहिले होते, हे मला सईने सांगितलं.

१५ सप्टेंबर

पेडलची चाल आवाजाला कशी जोडायची यात तीन संध्याकाळी गेल्या. सरळ जोडणी केली तर खालच्या अर्ध्यात काहीच होत नाही आणि वर एकदम फुगतं. वक्र रेषा द्यावी लागली. तसंच, मिडीच्या १२८ पायऱ्यांत हळू पाय दाबला तर पायऱ्या ऐकू येत होत्या, म्हणून आर्डुइनोमध्ये आठ वाचनांची सरासरी घेतली.

एक गोष्ट खऱ्या हॅमंडबद्दल वाचली आणि पटली. त्याचं पेडल पूर्ण वर आणलं तरी आवाज पूर्ण बंद होत नाही. आणि आवाज उतरताना मधला भाग जास्त उतरतो, खर्ज मागे राहतो, त्यामुळे हळू वाजतानाही भरीव वाटतं. मी किमान मूल्य १२७ पैकी १८ ठेवलं. मामांनी पहिल्यांदाच अंतरा एका श्वासात वाजवल्यासारखा वाजवला. पाय ओळीच्या शेवटी उतरत होता, नेमका सई श्वास घेते तिथे. सई आतल्या खोलीत अभ्यास करत होती, ती उठून आली आणि गायला लागली.

२२ सप्टेंबर

फिरता स्पीकर. डॉन लेस्लीने १९४०च्या सुमारास केलेली ही पेटी हॅमंडपासून आता वेगळी काढताच येत नाही. वर उंच स्वरांचा कर्णा फिरतो, खाली खर्जाच्या स्पीकरपुढे लाकडी ढोल फिरतो, विरुद्ध दिशांना. विभागणी ८०० हर्ट्झला. हळू फिरताना मिनिटाला चाळीसेक फेरे, वेगात चारशेच्या आसपास. खरी गंमत वेग बदलताना आहे. कर्णा हलका, तो पटकन वेग घेतो. ढोल जड, त्याला काही सेकंद लागतात. मधल्या काळात दोघं एकमेकांच्या मागे-पुढे असतात आणि आवाज उघडत जातो.

घरात हेडफोनवर हे अप्रतिम होतं. दुकानातल्या साउंडवर लावलं आणि निम्मं गेलं. कारण आपला मांडवातला साउंड मोनो असतो, दोन्ही बाजूंच्या खांबांवर एकच आवाज. सॉफ्टवेअर डावा-उजवा असे दोन माइक कल्पून आवाज देतं. ते दोन्ही एकत्र केले की काही भाग एकमेकांना खातात. मी फक्त डावा घेतला आणि उजवा सोडून दिला. फिरणं कानाभोवती जात नाही, पण थरथर आणि चढ-उतार शाबूत राहिले. ज्यांना अशी निवड करायची आहे त्यांनी हेडफोनवर निर्णय घेऊ नये. ज्या स्पीकरवर वाजणार आहे त्यावरच ऐकावं.

वेग बदलायला मामांना डाव्या हाताशी बटण हवं होतं. जुन्या पद्धतीचा बेडस्विच कीबोर्डच्या कडेला स्क्रूने बसवला, तार आर्डुइनोत. अंधारात चाचपडून सापडतो.

२९ सप्टेंबर

आज निर्णय लिहून टाकतो. दोन सशुल्क सॉफ्टवेअर आणि सेट-बी-फ्री एकाच पेडलवर, एकाच मोनो स्पीकरवर, मामांना नाव न सांगता ऐकवली. सशुल्कांपैकी एकाचा वाल्व्हचा आवाज, ॲम्प्लिफायर तापल्यावर येतो तसा, सेट-बी-फ्रीपेक्षा निःसंशय चांगला आहे. जोरात वाजवलं की फरक कळतो. मामांनाही तो आवडला.

तरी सेट-बी-फ्री घेतलं. मामा जोरात वाजवत नाहीत, ते भावगीताला साथ करणार आहेत. त्या पातळीला तो फरक जवळजवळ उरत नाही. पेडलला त्याचा प्रतिसाद मला हवा तसा बसवता आला. आणि नेट नसताना, परवाना न विचारता, हा लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्यावर दहा मिनिटांत तीच फाइल टाकून ते उभं करता येतं. रॉक वाजवणाऱ्या मुलाने मला विचारलं तर मी त्याला सशुल्कच सुचवीन.

६ ऑक्टोबर

तालमीत मामांनी एक जुनी आठवण सांगितली, ती इथे लिहून ठेवायला हवी. हॉटेलात संध्याकाळी कधी कधी अख्खा ऑर्गन उतरायचा. गिटारवाले तारा सैल करायचे, गायक कुरकुरायचा. मॅनेजर म्हणायचा, वाद्य बिघडलंय. मामा म्हणायचे, "वाद्य नाय, लायट."

ते बरोबर होते. मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असायला हवी, पण मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की वारंवारता उतरते. ४९ झाली तर सगळे स्वर ३५ सेंटांनी उतरतात. ४८ झाली तर ७१ सेंटांनी, म्हणजे जवळजवळ पाऊण पट्टी. त्या काळी संध्याकाळी हे नेहमीचं होतं. आता तसं होत नाही. २०१३च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी जोडलं, आणि आता वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवतात. ४९.९०ला फरक साडेतीन सेंट. मामांच्या कानालासुद्धा ते क्वचितच कळेल.

मी वीस वर्षं वायरिंग करतोय. वारंवारता म्हणजे मीटरवरचा आकडा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती कुणाच्या गाण्यात ऐकू येत असेल हे कधी सुचलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

पेटीवाल्यासोबत तालीम. त्याची पेटी ४४० पेक्षा जरा चढी, मोजली तर ४४२. साधारण आठ सेंट. पेटीचे सूर घासून उतरवायला वेळ नाही आणि तो तयारही नव्हता, हे योग्यच. सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये ४४०च्या जागी ४४२ लिहिलं. खऱ्या हॅमंडला हे करता आलं नसतं. सई काळी चारमध्ये गाते. मामांनी पट्टी बदलायचं बटण वापरायला नकार दिला. त्यांची बोटं काळी चारमध्येच जन्मल्यासारखी चालतात.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागरी झाली. पाऊस नव्हता. दव मात्र खूप पडलं, लॅपटॉपवर मी टॉवेल टाकून बसलो होतो. मशीन यूपीएसवर होतं. साडेनऊच्या सुमाराला व्होल्टेज एकदा पडलं, मांडवातले दिवे मंदावले, ऑर्गन चालू राहिला आणि सुरातही राहिला. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

ड्रॉबार बहुतेक वेळ ८८८ आणि एक मादी थोडी, ३ वर. सातवी दांडी एकदाही हलली नाही. वेगवान स्पीकर फक्त दोनदा, दोन्ही वेळा गाण्याच्या शेवटच्या सा-वर. बेडस्विच दाबल्यावर तो सा उघडत गेला तेव्हा पुढे बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. तंगूस टिकली.

२० ऑक्टोबर

सकाळी मामांकडे. कीबोर्ड मित्राला परत दिला, स्वतःचा घ्यावा लागेल. मामांची एक तक्रार राहिली आहे आणि ती खरी आहे. उजवा पाय काम करतो, डावा नुसता लटकतो. पेटीत दोन्ही पाय आळीपाळीने चालतात, हवा साठते आणि सावकाश ओसरते. "दोनय पायांचो करून दी," म्हणाले.

करता येईल असं वाटतं. दोन फळ्या, दोन पोटेन्शिओमीटर. प्रत्येक दाबाने आर्डुइनोमधल्या एका आकड्यात भर पडायची आणि तो आकडा हळूहळू उतरत राहायचा, भात्यातल्या हवेसारखा. किती वेगाने उतरायला हवा ते मोजायला पडवीतली पायपेटी उघडावी लागेल. वाळवीने खाल्लेला भाग पाहिला. डावा भाता फाटलाय, उजवा अजून हवा धरतो. सुताराने फणसाची दुसरी फळी उतरवून ठेवली आहे.